चिठ्ठीआधीचे अर्थकारण

वैद्यकीय व्यवसायावरील धनसत्तेच्या प्रभावाचा विषय निघाला की चर्चा बहुधा ‘कट’पाशी, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल किंवा तपासणी सुचवल्याबद्दल मिळणाऱ्या दलालीपाशी, सुरू होते आणि तेथेच संपते. ही दलाली काल्पनिक नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे सुमारे दोन दशके स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या ज्या कथनांना वाचा फोडली, त्यांत तिची कबुली व्यवसायातील माणसांनीच दिली आहे. तथापि सारा प्रभाव लाचेतूनच चालतो हा समज अपुरा आहे, कारण पैशाचे अधिक परिणामकारक काम चिठ्ठी लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी, तिला आधार देणारा पुरावा तयार होत असतानाच, उरकलेले असते.

मनोविकारशास्त्रात हे विशेष दिसते, कारण नैराश्याचे निदान रक्ततपासणीने होत नाही आणि औषधाचा गुण प्रश्नावलीतील गुणांच्या चढउतारावरून ठरवला जातो. १२ नैराश्यविरोधी औषधांच्या, अमेरिकी औषध नियामकाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांचा २००८ साली मागोवा घेतला गेला, तेव्हा अनुकूल ठरलेल्या ३८ पैकी ३७ प्रसिद्ध झाल्या होत्या. प्रतिकूल वा संदिग्ध ठरलेल्या ३६ पैकी २२ अप्रकाशित राहिल्या, ११ अनुकूल भासतील अशा रीतीने मांडल्या गेल्या आणि जेमतेम ३ जशाच्या तशा छापल्या गेल्या. म्हणजे एक रुपयाही न घेतलेला, नेमाने वाचन करणारा डॉक्टरसुद्धा फसू शकतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? अशा चाचण्या छापणारी नियतकालिके आणि त्यांवर बेतलेली पाठ्यपुस्तके नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही वाचली जातात. पॅरॉक्सेटिन हे औषध किशोरवयीनांसाठी उपयुक्त व सुरक्षित असल्याचे सांगणारा, उत्पादक कंपनीच्या पैशाने झालेल्या चाचणीवरील लेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ माहितीच्या २०१५ मधील पुनर्विश्लेषणात मात्र औषध निष्प्रभ आणि अपायकारक ठरले.

यावरून मनोविकारांवरील औषधे हाच एक बनाव आहे, असा निष्कर्ष काढणे हा उलट टोकाचा आणि अधिक घातक गैरसमज होय. ५२२ चाचण्यांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात प्रौढांच्या तीव्र नैराश्यावरील २१ औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी द्रव्य नसलेल्या गोळीपेक्षा, सरस आढळली, जरी सरासरी फरक माफक होता. लिथियमचे उदाहरण तर अधिक बोलके आहे: १९४९ मध्ये जॉन केड यांनी ज्याचा उपयोग दाखवला ते हे द्रव्य निसर्गात आढळणारे असल्याने त्यावर एकाधिकार मिळू शकत नाही, परिणामी त्याच्या प्रचारात कोणालाच मोठा नफा नाही, आणि तरीही उन्माद व नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवीय विकारात ते आजही प्रमुख औषधांपैकी एक आहे. नफ्याची ओढ संशयास्पद औषध पुढे रेटते, तशीच स्वस्त गुणकारी औषधाकडे दुर्लक्षही करवते. शिवाय राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे असून नाशिकच्या वाट्याला त्यांपैकी एकही नाही. अशा ठिकाणी औषधांचा अतिरेक जितका खरा, तितकाच उपचारांचा अभावही खरा असतो.

भेटवस्तूंवर बंदी आल्याने प्रश्न मिटला, हाही समज टिकत नाही. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास त्यांच्या व्यावसायिक आचारनियमांतील २००९ च्या दुरुस्तीने मनाई झाली, परंतु ती कंपन्यांना लागू नव्हती. अशा भेटींवरील खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी सुधारित आचारसंहिता काढली खरी, पण तिच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्या औषध उत्पादकांच्या संघटनांनीच नेमायच्या आहेत.