हरलेल्या उमेदवाराचे मत वाया जात नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी एक करार केला. आपल्याकडील दहा हजार कुशल तरुण-तरुणी त्या राज्यात कामाला पाठवायच्या, असा तो करार. तेव्हापासून आय.टी.आय. झालेल्या आणि नर्सिंग केलेल्या मुलामुलींच्या घरी या लांबलचक नावाची चर्चा ऐकू येते. पगार किती, भाषा किती दिवसांत येते, थंडी सोसवेल का, असे प्रश्न आईवडील विचारतात. ते विचारायलाच हवेत. पण ज्या राज्यात आपली लेकरे जाऊ पाहतात तेथे राज्य कोण करते, आणि बाहेरून आलेल्या कामगाराच्या मुलाला तेथे काय स्थान मिळते, हेही माहीत असलेले बरे. म्हणून आज त्या राज्याच्या निवडणुकीची गोष्ट.

बाडेन-व्युर्टेम्बर्ग म्हणजे सुमारे एक कोटी दहा लाख लोकवस्तीचे, कारखानदारीचे राज्य. राजधानी स्टुटगार्ट. आपल्या चाकणला कारखाना असलेली मर्सिडीज तिथलीच आणि नाशिकला कारखाना असलेली बॉशही तिथलीच. अशा मोटारींच्या राज्यात, धूर आणि प्रदूषणाविरुद्ध बोलणाऱ्या ग्रीन पक्षाचा मुख्यमंत्री २०११ मध्ये निवडून आला. जर्मनीत कोणत्याही राज्यात असे पूर्वी घडले नव्हते. हे कसे झाले?

द्राक्षमळ्यांतून सुरुवात

ऱ्हाईन नदीकाठी वील नावाचे गाव आहे. तेथे अणुवीज प्रकल्प उभारायचे सरकारने ठरवले. आजूबाजूला द्राक्षाचे मळे. प्रकल्पाच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेने धुके दाटेल, ऊन अडेल आणि पीक बुडेल, अशी शेतकऱ्यांना धास्ती. किरणोत्साराची भीती तर होतीच. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी गावकरी, त्यात मोठ्या संख्येने बायका, बांधकामाच्या जागेवर जाऊन बसल्या. पोलिसांनी त्यांना हुसकावले. पण पाच दिवसांनी हजारो लोक आले आणि त्यांनी ती जागा पुन्हा ताब्यात घेतली. तो प्रकल्प कधीच उभा राहिला नाही.

ही माणसे कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हती. आपली जमीन, आपले पाणी आणि आपली पोरेबाळे यांच्यासाठी ती बसली होती. अशा ठिकठिकाणच्या चळवळी एकत्र आल्या आणि जानेवारी १९८० मध्ये याच राज्यातील कार्लस्रूह शहरात ग्रीन पक्षाची देशपातळीवर स्थापना झाली. दोनच महिन्यांनी राज्याची निवडणूक होती. पक्षाने उमेदवार उभे केले. ५.३ टक्के मते पडली आणि सहा आमदार निवडून आले. त्या सहांत विन्फ्रीड क्रेचमान नावाचे एक शिक्षक होते.

मतांचा हिशेब

येथे एक हिशेब समजून घेतला पाहिजे. तो समजला की पुढची सारी गोष्ट समजते.

त्या सहांपैकी एकही उमेदवार आपल्या मतदारसंघात पहिला आलेला नव्हता. आपल्याकडे असते तर सहाही जण घरी बसले असते आणि लोक म्हणाले असते, 'उगाच उभे राहिले, मते खाल्ली.' पण तेथील पद्धत वेगळी होती. राज्यात ७० मतदारसंघ. प्रत्येक मतदाराला एक मत. जो पहिला आला तो आमदार झाला. मात्र विधानसभेत किमान १२० जागा. उरलेल्या जागा पक्षांना राज्यभर पडलेल्या एकूण मतांच्या प्रमाणात वाटायच्या आणि त्या जागांवर त्या त्या पक्षाचे, हरले तरी चांगली मते घेतलेले उमेदवार घ्यायचे. अट एकच, राज्यात पाच टक्के तरी मते हवीत.

म्हणजे हरलेल्या उमेदवाराचे मत कचऱ्यात जात नसे. ते पक्षाच्या खात्यात जमा होई. आणि उमेदवाराला कोठेही, अवघड मतदारसंघातही, जीव ओतून काम करावे लागे. कारण पक्षाची यादी नव्हती. वरून कोणी नाव घुसवून आमदार करू शकत नव्हते. आमदार व्हायचे तर आपल्या नावावर मते मागावी लागत. २०२२ मध्ये हा कायदा बदलून दोन मते आणि पक्षाची यादी अशी पद्धत आणली गेली, परंतु ग्रीन पक्ष वाढला तो जुन्या पद्धतीत.

वाढलाही मुंगीच्या पावलाने. १९८० मध्ये सहा आमदार. २००६ मध्ये ११.७ टक्के मते आणि १७ आमदार. सव्वीस वर्षे झाली तरी सत्ता नाहीच. मधल्या काळात पक्षाची माणसे नगरपालिकांत बसली. कचरा, पाणी, बस आणि शाळा हे विषय शिकली. 'हे झाडवाले काय राज्य करणार?' ही थट्टाही ऐकली.

२०११ ची निवडणूक

२०११ च्या आधी दोन गोष्टींनी राज्य पेटले होते. स्टुटगार्टचे रेल्वे स्थानक जमिनीखाली नेण्याच्या प्रचंड खर्चाच्या योजनेला शहरातून मोठा विरोध होता. ३० सप्टेंबर २०१० रोजी उद्यानातील झाडे वाचवायला उभ्या राहिलेल्या लोकांवर, त्यात शाळकरी मुले आणि म्हातारी माणसेही होती, पोलिसांनी पाण्याचा जबरदस्त मारा केला. शंभराहून अधिक लोक जखमी झाले. एका निवृत्त अभियंत्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्यानंतर डिसेंबरात मुख्यमंत्र्यांनी वीज कंपनीचे समभाग सुमारे ४.७ अब्ज युरोंना विकत घेतले, तेही विधानसभेला न विचारता! साध्या कचेरीत दोन खुर्च्या घ्यायच्या तरी मंजुरीची सही लागते. येथे जनतेची तिजोरीच उघडली गेली. पुढे राज्याच्या घटना न्यायालयानेही हा घटनाभंग ठरवला.

आणि मतदानाला सोळा दिवस उरले असता, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली. तीस-पस्तीस वर्षे जे उमेदवार अणुविजेच्या धोक्याबद्दल दारोदार सांगत होते, त्यांचे बोलणे एकाएकी सर्वांना पटले. २७ मार्चला ग्रीन पक्षाला २४.२ टक्के मते आणि ३६ जागा मिळाल्या. ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष ६० जागांसह मोठाच राहिला, पण ग्रीन ३६ आणि सोशल डेमोक्रॅट ३५ मिळून ७१ झाले. एकूण जागा १३८. १९५३ पासून ज्या पक्षाचाच मुख्यमंत्री होत आला होता, तो पक्ष चार जागांच्या फरकाने सत्तेबाहेर गेला. १२ मे रोजी क्रेचमान मुख्यमंत्री झाले.

३६ पैकी मतदारसंघात पहिले आलेले उमेदवार किती? फक्त नऊ. बाकीचे सत्तावीस जण 'हरलेल्यां'च्या मतांवर आले. एकेक मत मोजले गेले म्हणून राज्य बदलले.

कामगाराची लेक

त्या नऊ जणांत एक नाव आहे मुहतेरेम आरास. त्यांची हकिकत आपल्या घराघरातल्या मुलींना सांगावी अशी आहे.

१९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगार नेण्याचा करार केला. कारखान्यांना हात हवे होते. या लोकांना 'पाहुणे कामगार' म्हणत. पाहुणा म्हणजे काम संपले की जाणारा. पण माणूस कामाबरोबर आपले आयुष्यही घेऊन येतो. हे कामगार राहिले आणि त्यांची कुटुंबेही आली. आरास यांचा जन्म १९६६ चा, तुर्कस्तानातील एका खेड्यातला. बारा वर्षांच्या असताना त्या आईवडिलांसोबत स्टुटगार्टजवळ राहायला आल्या. तेव्हा त्यांना जर्मन भाषा येत नव्हती. तरी त्या शिकल्या, होहेनहाइम विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि कर सल्लागार होऊन स्वतःचे कार्यालय थाटले.

१९९२ मध्ये म्योल्न आणि १९९३ मध्ये झोलिंगेन या गावांत तुर्की कुटुंबांची घरे पेटवून देण्यात आली. लहान मुली जळून मेल्या. याच भयंकर काळात आरास ग्रीन पक्षात गेल्या. पळून जाण्याऐवजी त्यांनी उमेदवारीचा मार्ग धरला. १९९९ मध्ये त्या स्टुटगार्टच्या नगरपरिषदेत निवडून आल्या. तेथे बारा वर्षे काम केले आणि मग २०११ मध्ये स्टुटगार्टच्या पहिल्या मतदारसंघातून ४२.५ टक्के मते घेऊन विधानसभेत गेल्या.

२०१६ मध्ये त्या त्या विधानसभेच्या अध्यक्षा झाल्या. राज्यातील पहिल्या महिला अध्यक्षा, आणि जर्मनीतील कोणत्याही विधानसभेच्या अध्यक्षपदी बसलेल्या पहिल्या मुस्लिम. त्याच निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष १५ टक्के मते घेऊन सभागृहात आला होता. डिसेंबर २०१८ मध्ये गोंधळ घालणाऱ्या त्या पक्षाच्या एका आमदाराला बाहेर जाण्यास सांगितले, तर तो जाईना. दुसराही अडून बसला. शेवटी पोलिसांना बोलवावे लागले. पाहुण्या कामगाराची लेक नियमाचे पुस्तक हातात घेऊन खुर्चीवर बसली होती आणि नियम सर्वांना सारखाच लागू झाला. २०२१ मध्ये त्यांची पुन्हा अध्यक्षपदी निवड झाली.

सत्तेत आल्यावर

निवडून येणे सोपे, राज्य करणे अवघड. ज्या रेल्वे स्थानकाला पक्षाने विरोध केला, त्याविषयी नोव्हेंबर २०११ मध्ये जनतेचा कौल घेण्यात आला. ५८.९ टक्के लोकांनी काम बंद करण्याच्या विरुद्ध मत दिले. क्रेचमान यांनी हा कौल मानला. आपल्याच कार्यकर्त्यांचा रोष पत्करला.

नव्या सरकारने २०१२ मध्ये विद्यापीठांचे शुल्क रद्द केले. चौथीनंतर कोणत्या प्रकारच्या शाळेत जायचे, याबाबत शिक्षकांची शिफारस पालकांवर बंधनकारक असे. ते बंधनही उठवले.  पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ नंतर ख्रिश्चन डेमोक्रॅटांसोबत सरकार चालवताना याच पक्षाने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो शुल्क लावले. यात आपल्याकडील मुलेही आली. तिकडे शिकायला पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मुख्यमंत्री होण्याच्या तोंडावर क्रेचमान यांनी गाड्या कमी असलेल्या बऱ्या, असा सूर लावला तेव्हा मोटार कारखान्यांत खळबळ उडाली. 'आमच्या नोकरीचे काय?' हा कामगारांचा प्रश्न रास्त होता. पुढे सरकारला कारखाने आणि कामगार यांच्याशी बसून बोलावे लागले. हवा स्वच्छ करायची ती कामगाराची चूल विझवून नव्हे, हे त्यांना सत्तेत शिकावे लागले. लोकांनीही विश्वास ठेवला. २०१६ मध्ये ४७ जागा, २०२१ मध्ये ३२.६ टक्के मते आणि ५८ जागा. त्या ५८ च्या ५८ जागी पक्षाचा उमेदवार पहिलाच आला होता. १९८० मध्ये एकही नव्हता!

आपल्या दारात

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, असे आपण पुष्कळदा म्हणतो. जर्मनीतही ग्रीन पक्षाला शिकलेल्या, शहरी, बऱ्या कमाईच्या लोकांची मते जास्त पडतात, हे खरे आहे. पण डम्पिंग ग्राउंडच्या कडेला कोण राहते? नाल्याचे पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरते? गटारात कोण उतरतो? बंगल्यातला माणूस खिडकी बंद करून घेतो. आपल्याकडे खिडकीच नसते, कोणती बंद करणार? मग हा विषय आपला नाही तर कोणाचा?

तेव्हा पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा उमेदवार वस्तीत आला, तर घरातल्या बायकांनी पुढे होऊन विचारावे: नळाला पाणी किती वाजता, कचरा कधी उचलणार, शाळेजवळचा धूर कोण बंद करणार? उत्तर वहीत लिहून ठेवावे. पाच वर्षांनी तीच वही पुन्हा उघडावी. आणि आपल्यातलीच एखादी शिकलेली मुलगी उभी राहते म्हणाली, तर 'हरशील' म्हणून तिला बसवू नये.