पशुवैद्याने परदेशी जावे ते कसे?

आपल्या महाविद्यालयातून पी. यू. सी. विज्ञान होऊन पशुवैद्यकाच्या शिक्षणाला गेलेल्या मुलामुलींची संख्या आता बरीच झाली आहे. मी त्यांतलाच एक जुना विद्यार्थी. बिदरला पदवी घेतली, खानापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात सात वर्षे काढली आणि सध्या कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतात एका लहान गावी गुरे, घोडी, कुत्री-मांजरे यांच्यावर उपचार करतो. सुट्टीत घरी आलो की कोणी ना कोणी विद्यार्थी वडिलांना बरोबर घेऊन येतोच. प्रश्न ठरलेला असतो : "सर, तिकडे जायचे तर काय करावे लागते?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच द्यावे, असा संपादकांचा आग्रह पडला, म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपली साडेपाच वर्षांची बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही पदवी भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या मान्यतेची आहे. पण तेवढ्यावर अमेरिकेत वा कॅनडात प्रॅक्टिस करता येत नाही. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन जगातल्या निवडक महाविद्यालयांची तपासणी करून त्यांना मान्यता देते. लंडन, उट्रेख्त, सिडनी, मेक्सिको, सोल इथली महाविद्यालये त्या यादीत आहेत. भारतातले एकही नाही. यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही, पण परीक्षा चुकत नाही एवढे खरे.

दुसरा घोटाळा व्हिसाचा. स्थलांतराचा अर्ज आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगवेगळ्या खिडक्या आहेत आणि एका खिडकीवरचा मनुष्य दुसऱ्या खिडकीबद्दल काही बोलत नाही. कायम वास्तव्याची परवानगी मिळवून, बायकामुलांसह कॅनडात उतरून, नंतर वर्षानुवर्षे गोदामात पेट्या उचलणारे आपले पशुवैद्य मी पाहिले आहेत. एजंटाने त्यांना फसवले असेही म्हणता येत नाही. त्याने पहिल्या खिडकीचे काम चोख केले होते. दुसरी खिडकी आहे, हे सांगण्याचे पैसे त्याने घेतलेले नव्हते.

आता परीक्षांकडे वळू. कॅनडात हे काम तेथील पशुवैद्यक संघटनेचे राष्ट्रीय परीक्षा मंडळ पाहते. कागदपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा झाली की बीसीएसई येते. ही २२५ प्रश्नांची, पर्यायांतून उत्तर निवडायची परीक्षा. शरीररचनेपासून औषधशास्त्रापर्यंत आपण जे पाठ केले त्याचीच ती उजळणी असल्यामुळे नियमाने अभ्यास करणाऱ्याला तिचे भय नाही. पुढची नॅव्हली. हिच्यात ३६० प्रश्न असतात आणि तिथल्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही ती द्यावी लागते. प्रश्नात एक जनावर, त्याचे वय, लक्षणे आणि तपासण्या दिलेल्या असतात. पुढे काय कराल ते विचारतात. घोडा, मांजर, डुक्कर, कोंबडी सगळे त्यात येते. आपल्या मुलांना घोडा जड जातो, कारण पाच वर्षांत त्यांनी खरा लंगडा घोडा क्वचितच तपासलेला असतो.

खरी कसोटी शेवटच्या परीक्षेत. तिचे नाव सीपीई, आणि तिच्यात प्रश्नपत्रिकेऐवजी प्रत्यक्ष काम असते. भूलशास्त्र, घोडे, दुभती व मांसाची जनावरे, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांची चिकित्सा आणि शस्त्रक्रिया असे सात विभाग असून प्रत्येकात परीक्षक शेजारी उभा राहून पाहत असतो. कॅनडात शस्त्रक्रियेची एक प्राथमिक चाचणी आधी वेगळी घेतात. कुत्रीचे गर्भाशय व बीजाशय काढणे ही तिथली ठरलेली शस्त्रक्रिया. ऐकायला साधी. परंतु आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडलेल्या किती जणांनी ती एकट्याने, पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत केलेली असते? वर्गात साठ मुले, टेबलावर एक कुत्री, कात्री प्राध्यापकांच्या हाती आणि मागच्या रांगेतल्याला दिसते ती पुढच्याची मान! परीक्षकाला मात्र तुमचे हात पाहायचे असतात. बीजाशयाच्या देठाला बांधलेली गाठ घट्ट बसली की निसटली, हातमोजा नको तिथे लागला का, आणि लागला तर तुमच्या ते ध्यानात आले का, हे तो बघतो. भूल देतानाही तसेच. खेड्यात आपण झायलॅझिन-केटामिनची सुई टोचून काम उरकतो. तिथे श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन वायूच्या यंत्रावर जनावर ठेवायचे, यंत्र गळते का ते आधी तपासायचे आणि दर काही मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब कागदावर टिपायचे. हे सगळे पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचून बोटांना गाठ येत नाही.

यावर उपाय आपल्या दारातच आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम आपल्याकडे २००१ मध्ये झाले आणि २०२३ मध्ये नव्याने निघाले. त्यांखाली गावोगाव चालणाऱ्या केंद्रांत एकेका दिवशी पुष्कळ कुत्र्यांवर हीच शस्त्रक्रिया होते. अशा केंद्रात सहा महिने मन लावून काम केलेला पशुवैद्य परीक्षेच्या टेबलाशी शांत उभा राहतो. ऊटीला एका परदेशी धर्मादाय संस्थेचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही हा हात शिकवतात. मी स्वतः खानापूरची नोकरी सोडल्यावर आठ महिने एका केंद्रात कुत्र्या कापल्या. घरी आईला ते मुळीच रुचले नव्हते. सरकारी डॉक्टरची नोकरी सोडून मुलगा कुत्र्यांच्या मागे लागला, ही गोष्ट गल्लीत सांगणार तरी कशी? पण कॅनडात माझा शस्त्रक्रियेचा विभाग पहिल्या फेरीत सुटला तो त्या आठ महिन्यांमुळेच.

उलट, आपल्यापाशी जे भरपूर आहे त्याला तिथल्या परीक्षेत फारसे गुण नाहीत. खानापुरात कृत्रिम रेतन आणि गाभण तपासणी करून करून हात असा तयार झाला होता की आत घातल्याबरोबर महिना सांगावा. नोकरीत याचा मला अतोनात उपयोग होतो. शरद ऋतूत एकेका रँचवर दिवसाला तीनशे गाई लोखंडी खोड्यातून एकामागून एक येतात आणि गाभण कोणती, भाकड कोणती, हे तिथल्या तिथे सांगावे लागते. (आपल्या दवाखान्यापुढचा लाकडी खोडा आठवून पहिल्या दिवशी मला हसू आले होते.) रँचमालकांनी मला मानले ते या हातामुळे. परवान्याच्या परीक्षेत मात्र तो शंभरातला एखादाच प्रश्न ठरतो.

लाळ्या-खुरकुताचेही तसेच. आपल्याकडे शेतकऱ्यालाही तो रोग लांबून ओळखू येतो. माझ्या प्रांतातली गोष्ट पाहा. नोव्हेंबर १९५१ मध्ये रेजायना शहराजवळच्या एका शेतावर गाईंना तोंडात फोड आले. तो व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस असावा असे धरले गेले. नुसत्या लक्षणांवरून या दोन रोगांत भेद करणे कोणालाही कठीण, हे मान्य. परंतु ज्याने लाळ्या-खुरकूत उभ्या जन्मात पाहिलेलेच नाही त्याच्या मनात ती शंका उशिरा येते. रोगाचे निश्चित निदान झाले फेब्रुवारी १९५२ मध्ये. तोवर तो इतर शेतांवर पोहोचला होता, अमेरिकेने सीमा बंद केली, कळपच्या कळप मारून पुरावे लागले. त्यानंतर कॅनडात तो रोग आलेला नाही, म्हणून आज तिथल्या तरुण पशुवैद्याला तो चित्रातच माहीत. मुलाखतीत हा अनुभव आपण होऊन सांगावा, संकोच करू नये. सरकारी रोगनियंत्रण खात्यात आणि प्रयोगशाळांत त्याची किंमत आहे.

परीक्षेच्या पुस्तकात न सापडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दयामरण. आपल्याकडे गाय म्हातारी होऊन दावणीलाच मरते. तो श्रद्धेचा आणि कायद्याचाही विषय आहे. तिथे पाय मोडलेल्या घोड्याला, उपचाराचा खर्च मालकाला न झेपणाऱ्या कुत्र्याला शांतपणे मरण देणे हे पशुवैद्याचे रोजचे काम आहे. सुई टोचणे अवघड नसते. म्हातारी बाई मांडीवर मांजर घेऊन बसलेली असते आणि आधी तिच्याशी बोलायचे असते, ते अवघड. कधी जनावर बरे होण्यासारखे असते, पण पैसे नसतात. तेव्हाही तुम्हालाच ते करावे लागते. अमेरिकेतील १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पशुवैद्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या मानाने पुरुषांत २.१ पट आणि स्त्रियांत ३.५ पट आढळले. त्याला कारणे अनेक असतील, दयामरण हे एकच कारण नव्हे. पण ज्याचे मन या कामाला मुळीच तयार होणार नाही त्याने प्रयोगशाळा, संशोधन किंवा कुक्कुटपालनाची वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीबद्दल आपल्या सीमाभागातल्या मुलांना उगाच धास्ती वाटते. घरात मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी अशी तीन भाषांची आपली सवय. शेतकऱ्याने "दनद डॉक्टर" म्हणून हाक मारली तर कन्नडमधून आणि "गुरांचे डॉक्टर" म्हटले तर मराठीतून रोग विचारायचा, हे मी सात वर्षे केले. चौथ्या प्रकारची माणसे आली म्हणून काय बिघडले? पण भाषेचा बडगा करून दार लावून घेणारेही असतात. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात भारतातून गेलेल्या तेरा पशुवैद्यांना हा अनुभव आला. त्यांनी प्रांतातल्या परवाना देणाऱ्या संघटनेविरुद्ध मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. प्रकरण कित्येक वर्षे चालले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. संघटनेने वंशावरून भेदभाव केला आणि बोलण्याच्या इंग्रजीचा वाढवलेला निकष हाही त्याचाच भाग होता, असे न्यायाधिकरणाने ठरवले. ते बहुतेक पंजाबचे लोक होते. आज तिथे जाणाऱ्या आपल्या मुलांची वाट त्यांनी थोडी रुंद केली आहे.

पैशाचे बोलू. परीक्षांची शुल्के दर काही वर्षांनी वाढतात, त्यामुळे आकडे मंडळाकडूनच घ्यावेत. माझा सर्व परीक्षा, पुस्तके, प्रवास आणि राहणे धरून पंधरा लाखांच्या आसपास खर्च झाला आणि सव्वातीन वर्षे गेली. त्या काळात मी एका खाजगी पशुरुग्णालयात मदतनीस होतो. पिंजरे धुणे, कुत्री धरणे, रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावणे, हे काम. राजपत्रित अधिकाऱ्याला पहिले पंधरा दिवस ते टोचते, नंतर टोचत नाही. शिवाय यंत्रे, औषधांची नावे, मालकाशी बोलण्याची रीत हे सारे तिथेच अंगवळणी पडते. काही प्रांतांत परवानाधारक पशुवैद्याच्या देखरेखीखाली काम करण्याचा मर्यादित परवाना मिळतो, त्याची चौकशी अवश्य करावी. आज मला मिळतो तो पगार चांगला आहे हे नाकारत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या गाई विण्याच्या हंगामात उणे तीस अंशांत रात्री दोन वाजता अडलेले वासरू काढायला जावे लागते, हेही त्याच पगारात. आणि इकडे मी सोडलेल्या दवाखान्यात दीड वर्ष डॉक्टर नव्हता. शेजारच्या गावचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येई. घरी आलो की म्हशीवाले मला ते ऐकवतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही.

इतर देशांविषयी थोडक्यात सांगतो. इंग्लंडात १८४४ ची सनद असलेले रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स स्वतःची परीक्षा घेते. लेखी झाल्यावर प्रात्यक्षिक. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याही अशाच स्वतंत्र परीक्षा आहेत. आखातात इतके टप्पे नसतात. तिथे मोठ्या दुग्धशाळा, शर्यतीचे उंट आणि ससाणे यांचे काम मिळते. अबूधाबीत तर ससाण्यांचे स्वतंत्र रुग्णालय १९९९ पासून चालू आहे. मात्र तिथला मुक्काम नोकरी असेपर्यंतच, हे धरून चालावे. थोडक्यात, आधी देश ठरवून मग जनावर पाहण्यापेक्षा कोणत्या जनावरात आपला जीव रमतो ते ठरवून देश निवडावा.

राहता राहिले कागद. शेवटच्या वर्षाला असतानाच यांच्या मागे लागावे. गुणपत्रके विद्यापीठाकडून परीक्षा मंडळाकडे थेट जावी लागतात, उमेदवाराने नेऊन दिलेली चालत नाहीत. राज्य पशुवैद्यक परिषदेत आपले नाव असून आपल्यावर कोणतीही कारवाई नाही, असे पत्रही लागते. सर्वांत जास्त वेळ खातो तो नावाचा गोंधळ. दहावीच्या दाखल्यावर नुसती आद्याक्षरे आणि नाव, पदवीवर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव पुढे. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर चौथे नाव. जन्मगाव एका कागदावर बेळगाव, तर २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी. आपल्याला हे सगळे एकच माणूस आणि एकच गाव वाटते. ओटावात बसलेल्या कारकुनाला ती तीन माणसे आणि दोन गावे दिसतात. पासपोर्टवर आहे तसेच नाव सगळीकडे करून घ्या, जमले नाही तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि विद्यापीठाने पाकीट पाठवले की टपालाची पावती मागून घ्या.