मेजर घरी आले, पुढं काय?



आपल्या सातारा भागात फौजेत कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. एका गावानं इतके सैनिक दिले म्हणून त्याच्या नावापुढं 'मिलिटरी' हा शब्द लागला, तो आजही आहे. जे परत आले नाहीत त्यांची नावं आपण दगडावर कोरतो, त्यांना हार घालतो. ते करायलाच हवं. पण आज आम्ही बोलणार आहोत ते परत आलेल्यांबद्दल. नोकरी पुरी करून, धडधाकट, ट्रंक घेऊन जो पेन्शनवर घरी येतो, त्याच्याशी आपण कसं वागतो?

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक असेच आले. ही हकिकत त्या दोघांना विचारूनच सांगतोय. एसटी स्टँडपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, चौकात फ्लेक्स. ताईंनी दारात ओवाळलं, तेव्हा आम्हा सगळ्यांचेच डोळे भरून आले होते. पण महिना झाला, दोन झाले, ताई बैठकीला येईनात. नऊ वर्षं ज्यांनी गटाचा हिशेब लिहिला, त्यांचा हप्ता शेजारीण आणून देऊ लागली. शेवटी आम्ही घरी गेलो. तेव्हा ताई म्हणाल्या, "अवं, पाव्हणा म्हणून आलं की दोन महिनं बरं वाटायचं. आता कायमचं आल्यात, तर काय बोलावं तेच कळंना."

यात कुणाचा दोष आहे असं आम्हाला वाटत नाही. हिशेबच करून बघा. फौजेत वर्षाला साठ दिवसांची मोठी सुट्टी आणि तीस दिवसांची किरकोळ, म्हणजे सगळी मिळाली तरी तीन महिने. फॅमिली क्वार्टर मिळालं नसेल, तर लग्नाच्या चौदा वर्षांत नवराबायको एका छताखाली राहिले ते जेमतेम साडेतीन वर्षं. एवढ्या काळात बाईनं शेत बघितलं, सासूचं दुखणं काढलं, मुलांची शाळा केली, बँकेत उभी राहिली. आणि त्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत शिट्टीवर चालायची सवय. घरी आल्यावर शिट्टी नाही, हुकूम देणारा नाही आणि हुकूम ऐकणाराही नाही. मग तो मुलांवर ओरडतो, भांडी का अशी ठेवली म्हणून विचारतो, नाहीतर गप्प बसतो.

साधा जवान पेन्शनवर येतो तो पस्तिशी-चाळिशीत. फौजेला तरुण माणसं लागतात, म्हणून लवकर सोडतात. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं नोकरी लागते. म्हणजे आपण ज्याला 'रिटायर' म्हणतो, त्याच्यापुढं काम करण्याची वीस-पंचवीस वर्षं शिल्लक असतात. पण गाव त्याला म्हातारा तरी समजतं, नाहीतर श्रीमंत. पारावर बसला की सगळे "या मेजर" म्हणतात. पद शिपायाचं असो की हवालदाराचं, गावात मेजरच. पुढचा प्रश्न मात्र असतो, "कोट्यातली एखादी बाटली मिळंल का?" आणि तिसरा प्रश्न असतो पैशाचा.

या पैशाबद्दल नीट समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त घरं इथं बुडतात. पेन्शनवर येताना ग्रॅच्युइटी आणि फंड मिळतो. त्याशिवाय एक मोठी रक्कम मिळते, तिला कम्युटेशन म्हणतात. ते बक्षीस नव्हे. आपल्याच पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त अर्धा, आगाऊ उचलायचा आणि पुढची १५ वर्षं तेवढी पेन्शन कापून घ्यायची, असा तो व्यवहार आहे. समजा मूळ पेन्शन २०,००० रुपये ठरली आणि त्यानं अर्धी विकली, तर दरमहा १०,००० कापले जातात. महागाई भत्ता मात्र पूर्ण २०,००० वरच मिळतो. १५ वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते.

म्हणजे गावाला जे घबाड दिसतं, ती त्याच्या पुढच्या १५ वर्षांची भाकरी असते. आमच्या ताईंच्या मालकांनी त्यातले चार लाख एका नातेवाइकाला प्लॉटिंगच्या धंद्यात दिले. ताईंना विचारलं नाही. गटाच्या दहा हजारांच्या कर्जाला आपण दोन जामीन घेतो, आणि घरातले चार लाख एका चहावर गेले. ते पैसे अजून आलेले नाहीत. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की पहिलं वर्षभर ती रक्कम दोघांच्या नावानं बँकेत किंवा पोस्टात ठेवा. जो कुणी दुप्पट करून देतो म्हणेल, त्याला सांगा, "एक वर्षानं या."

आता कागदांचं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत. फौजेच्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत तिसरंच काहीतरी, असं कितीतरी बायकांचं आहे. मालक हयात आहेत तोवर ते खुपत नाही. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन तिथंच अडते. मालक अजून नोकरीत असतील तर त्यांच्या युनिटमधून, आणि पेन्शनवर आले असतील तर रेकॉर्ड ऑफिसकडून नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, ते यात मदत करतं. तिथं नाव नोंदवल्यावर माजी सैनिकाचं ओळखपत्र मिळतं, मुलांच्या शिष्यवृत्तीचीही माहिती मिळते. औषधपाण्यासाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे, त्यात पेन्शनरबरोबर पत्नीचंही कार्ड निघतं. पीपीओ आणि डिस्चार्ज बुक कुठल्या ट्रंकेत आहे, हे तुम्हाला माहीत हवं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला तर पेन्शन थांबते.

काही माणसं नुसती कागद आणि पैसा घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, फटाका वाजला की दचकतात, एकटे बसतात, दारू वाढते. सगळ्यांचं असं होत नाही. पण ज्याचं होतं त्याला आपण "फौजी असून घाबरतो" म्हणून हसतो, आणि तो आणखी गप्प होतो. ताप आला की डॉक्टरकडं जातो, तसंच हे आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आणि हेही स्पष्ट सांगतो, त्यानं बायकोवर हात उचलला तर "तापट असायचाच, फौजी आहे" असं म्हणून गटानं गप्प बसायचं नाही. त्याच्या त्रासाला औषध आहे, पण मार खाणं हे ते औषध नव्हे. अशा वेळी १८१ किंवा ११२ ला फोन करा.

यापुढं आणखी एक जण घरी येणार आहे, तो म्हणजे अग्निवीर. २०२२ च्या अग्निपथ योजनेप्रमाणे मुलं चार वर्षांसाठी जातात आणि त्यांतली २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात, असं ठरलं. बाकीच्यांना पेन्शन नाही. सेवानिधी म्हणून सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतील असं जाहीर झालं. त्यातला निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून दरमहा कापलेला असतो. विशी-पंचविशीतला तो पोरगा घरी आला, की गाव काय म्हणेल ते आम्हाला आत्ताच ऐकू येतंय. "काढून टाकला वाटतं." मैत्रिणींनो, त्यानं ठरलेली नोकरी पुरी केलेली असते. हे पहिल्यांदा आईनं बोलायचं, मग गाव बोलेल.

आमच्या ताईंचं पुढं काय झालं ते सांगतो. आम्ही त्यांच्या मालकांना उपदेश केला नाही. गटातल्या दोन म्हाताऱ्या सैनिकपत्नींचे कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणालो, "भाऊ, यातलं आम्हाला कळत नाही, तुम्ही बघाल का?" ते दोघींना घेऊन स्वतः साताऱ्याला गेले, तीन खेपा घातल्या. एकीचं नाव दुरुस्त झालं, दुसरीचं अजून चालू आहे. ताई आता बैठकीला येतात. भाऊच गाडीवरून सोडतात. घरात सगळं गोड झालंय असं ताई म्हणत नाहीत. पण परवा त्यांनी सांगितलं, "आता पैशाचं काय करायचं असलं की इचारत्यात."

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करा. आपल्या गावात गेल्या दोन वर्षांत पेन्शनवर कोण कोण आलं, त्यांची यादी करा. त्यांतल्या किती घरच्या बाया गटात होत्या आणि यायच्या थांबल्या, ते बघा. आणि त्यांच्या घरी जा. जाताना हार नेऊ नका, तो आधीच घालून झालाय. चहाला बसा आणि विचारा, "कसं चाललंय?"