डीफेनबाकिया

डीफेनबाकिया : (कुल–ॲरेसी, सुरण कुल). मोठ्या, ठिपकेदार पानांकरिता कुंडीत लावण्यात येणारी ही सदाहरित, बहुवर्षायू वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिका व वेस्ट इंडीज येथील आहे. तिचे शास्त्रीय नाव डीफेनबाकिया सेग्विनी. व्हिएन्नाच्या शनब्रुन राजोद्यानातील प्रमुख माळी योझेफ डीफेनबाख यांच्या सन्मानार्थ शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रजातीला हे नाव दिले (१८२९).

खोड मांसल, पेरेदार व १–३ मी. उंच, पाने मोठी, लांबट-अंडाकृती, हिरव्यावर पांढरे वा पिवळट ठिपके अथवा पट्टे असलेली. फुलोरा अळवाप्रमाणे महाछदाने वेढलेले स्थूलकणिश असून त्यावर खाली स्त्री-पुष्पे व वर पुं-पुष्पे असतात. घरातील झाडास तो क्वचितच येतो. लागवड खोडाच्या तुकड्यांपासून करतात. झाडास सावलीतला उजेड व निचऱ्याची जमीन मानवते. प्रखर उन्हाने पाने करपतात.

सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळू व सुरण यांमुळे घसा खवखवतो तोही अशाच स्फटिकांमुळे. परंतु येथे दाह फार तीव्र असतो. पान चावताच विशिष्ट कोशिकांतून हे स्फटिक बाहेर फेकले जाऊन जीभ व घसा यांत रुततात; आग होते, लाळ गळते, जीभ सुजून काही काळ बोलता येत नाही. म्हणूनच इंग्रजीत तिला ‘डंब केन’ (मुका ऊस) म्हणतात. सूज बहुधा काही दिवसांत ओसरते. तथापि क्वचित श्वासमार्गास अडथळा येतो. अशा वेळी तोंड धुऊन थंड पाणी वा दूध घोट-घोट द्यावे, वांती करवू नये व वैद्यकीय मदत घ्यावी. रस डोळ्यांत गेल्यास डोळे बराच वेळ पाण्याने धुवावेत. रांगती मुले व पाळीव जनावरे यांच्या आवाक्यात कुंडी ठेवणे धोक्याचे असते.

या गुणाचा दुरुपयोगही झाला. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर गुलामांना शिक्षा म्हणून हे खोड चावावयास लावीत, अशा नोंदी आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांत या वनस्पतीच्या रसाने वंध्यत्व आल्याचे १९४१ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाले. तेव्हा माणसांचे सामूहिक निर्बीजीकरण करण्यासाठी तिचा वापर करावा, असा प्रस्ताव हिमलरकडे गेला. ती जर्मनीत पुरेशी पिकविता येईना, ही त्यातील मोठी अडचण ठरली. न्यूरेंबर्ग येथील डॉक्टरांवरील खटल्यात (१९४६-४७) हा पत्रव्यवहार पुरावा म्हणून मांडला गेला.