शिष्यवृत्ती हे आडसाली पीक
परदेशी शिक्षणाच्या वाटेवरची पहिली सही गावातच होते

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्याला उसाचे हंगाम सांगावे लागत नाहीत. सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा, सोळा-अठरा महिने सांभाळायचा आणि मग तोडणीची वाट बघायची. वेळ लागतो, पण उतारा चांगला पडतो. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचे गणित नेमके असेच आहे. परदेशातली बहुतेक विद्यापीठे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. त्यासाठीची तयारी मात्र आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच करावी लागते. "पोरगी शेवटच्या वर्षाला गेली की बघू" असे म्हणणाऱ्या घराचा हंगाम तिथेच चुकतो.

आपल्या भागाला बाहेरचे जग नवे नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, कृषी विकास प्रतिष्ठान १९७१ पासून, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. भाजीपाल्याचे गुणवत्ता केंद्र डच सहकार्यातून उभे राहिले. उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याच्या प्रयोगात ऑक्सफर्ड विद्यापीठाचे नाव जोडले गेले, तेव्हा राज्यभरातून शेतकरी तो प्लॉट पाहायला आले. हॉलंडची ढोबळी मिरची आपल्याला चालते, ऑक्सफर्डचा सेन्सर चालतो. पण आपलीच मुलगी ऑक्सफर्डला किंवा हॉलंडमधल्या वाखेनिंगेनच्या शेती विद्यापीठात शिकायला जाते म्हणाली, की घरात शांतता पसरते. एक तर एकरभर विकायचे, नाहीतर विषय सोडून द्यायचा, एवढेच दोन मार्ग लोकांना दिसतात. तिसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. तो अवघड आहे, पण खुला आहे.

साडेअकरा पौंडांची गोष्ट

या वाटेने गेलेला सर्वांत मोठा माणूस महाराष्ट्राचाच. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार होता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेले उसने पैसे यांची भर पडली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी भारतातल्या लहान शेतीच्या तुकड्यांवर आणि त्यावरच्या उपायांवर निबंध लिहिला. परदेशात शिकलेल्या अर्थशास्त्राचा उपयोग असा थेट बांधापर्यंत आला. गुंठ्यागुंठ्यांत वाटलेल्या सात-बाऱ्याकडे पाहिले, की तो विषय आजही जुना वाटत नाही.

विदर्भातल्या पापळ गावच्या शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले आणि १९५२ नंतर देशाचे कृषिमंत्री झाले. अलीकडचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांचे. शेतकरी, भटक्या समाजातल्या घरातला हा तरुण २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेला. त्याने उभी केलेली एकलव्य संस्था आता खेड्यांतल्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट दाखवते. तीनही घरे शहरातल्या श्रीमंतांची नव्हती.

कोणाला काय मिळू शकते

शिष्यवृत्त्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक सरकारी, सामाजिक गट आणि उत्पन्न पाहून दिलेल्या. दुसऱ्या परदेशी सरकारांच्या आणि खासगी विश्वस्त निधींच्या, ज्यात गुणवत्ता आणि काम पाहिले जाते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. हा शेवटचा गट गावात फारसा कोणाला माहीत नसतो. शेतमजुराच्या किंवा कुंभाराच्या घरातली मुलगी एम.एस्सी. झाली असेल, तर तिच्यासाठी ही जागा आहे. वय ३५ पेक्षा कमी, पात्रता परीक्षेत ६० टक्के, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या संस्थेत प्रवेश, या मुख्य अटी.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी तिच्या वर्षाला ७५ जागा असून कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची ७५ जागांची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. इतर मागास, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी वेगळी योजना आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत मोठ्या संख्येने असलेला धनगर समाज याच गटात येतो. आदिवासी आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठीही योजना आहेत. विद्यापीठाच्या क्रमवारीची अट राज्याच्या योजनांत केंद्रापेक्षा कडक असते, आणि वय व उत्पन्नाच्या अटी मधूनमधून बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नये. चालू वर्षाचीच वाचावी.

दुसऱ्या प्रकारात अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू आहे. १९५० च्या कराराने ती भारतात सुरू झाली आणि २००८ पासून खर्चाचा वाटा भारत सरकारही उचलते. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. शेतकरी गटाचे, दूध संस्थेचे किंवा शेती कंपनीचे काम केलेल्या मुलाने तो अनुभव कमी समजू नये. लेखी पुरावा ठेवला तर तो उपयोगी पडतो. याशिवाय राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, युरोपची इरॅस्मस मुंडस, जर्मनीची डाड आणि जपान सरकारची शिष्यवृत्ती आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी आजही परदेशी शिक्षणाला सवलतीचे कर्ज देतो.

कलावंतांनीही मागे राहू नये

परदेशी शिष्यवृत्ती म्हणजे इंजिनिअर आणि डॉक्टर, हा समज खोटा आहे. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर निधीच्या पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. कवी दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या लेखक-कार्यक्रमात होते. आज चार्ल्स वॉलेस निधी कला आणि वारसा-जतनाच्या क्षेत्रातल्या भारतीयांना ब्रिटनमध्ये शिकायला मदत करतो. इनलॅक्स प्रतिष्ठान १९७६ पासून तरुण कलावंतांनाही शिष्यवृत्ती देते.

कलावंताची मार्कलिस्ट म्हणजे त्याचे काम. चित्रांचे चांगले फोटो, नाटकाचे चित्रीकरण, गजीनृत्याच्या किंवा ढोलाच्या कार्यक्रमाची नोंद हे सगळे तारखेनिशी जपून ठेवले पाहिजे. जत्रेत वाजवले आणि विसरून गेले, तर अर्जात लिहायला काही उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळण्यात आले आणि त्यावर बरीच टीका झाली. अशा विषयाच्या विद्यार्थ्याने आधी नियम पाहावेत आणि दुसरे निधीही नजरेसमोर ठेवावेत.

गाडी अडते ती कागदावर

गुण असतात, प्रवेशही मिळतो, आणि अर्ज एका दाखल्यावाचून बाद होतो. सर्वांत जास्त घोळ नावांचा. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, सात-बाऱ्यावर आजोबांचे तिसरेच. वडिलांच्या नावापुढे कुठे 'राव' आहे, कुठे नाही. हे सगळे पासपोर्ट काढण्याआधी सरळ करून घ्यावे.

दुसरा घोळ उत्पन्नाच्या दाखल्याचा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून शेतकऱ्याकडे विवरणपत्र नसते. अशा घराचा सारा आधार तहसीलदारांच्या दाखल्यावर. हा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे एप्रिल उजाडताच नवा काढायला टाकावा. एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, हे जाहिरात पाहून ठरवावे. कारखान्याची ऊसबिले आणि डेअरीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आकडा विचारला, की अंदाजाने सांगू नये.

तिसरी गोष्ट जात पडताळणीची. बारावीनंतर व्यावसायिक शिक्षण घेतलेल्या बऱ्याच मुलांकडे ते प्रमाणपत्र असते. कला, वाणिज्य, शास्त्र शाखेच्या मुलांकडे बहुधा नसते, आणि ते आठ दिवसांत मिळणारे काम नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच अर्ज केलेला बरा. अधिवासाचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवावा.

गावच्या कारभाऱ्यांसाठी चार शब्द

तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. पाटी बदलली, काम तेच आहे. या लोकांच्या अहवालावर आणि सहीवर एखाद्या मुलीचे वर्ष अवलंबून असते. परदेशी विद्यापीठ 'साहेब मीटिंगला गेलेत' हे कारण समजून घेत नाही. तिथली तारीख संपली म्हणजे संपली.

राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येते. पण चांगल्या गावात अपिलाची वेळच येऊ नये. ग्रामपंचायतीने एवढे तरी करावे: शिष्यवृत्तीच्या जाहिराती निघाल्या की त्या फळ्यावर लावाव्यात, ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, आणि गावातली पदवीधर मुले-मुली किती व कुठे शिकतात याची यादी ठेवावी. घरकुलाची यादी ठेवतो, तशीच ही. सुप्याच्या जिरायत पट्ट्यातली किंवा उजनीच्या काठची मुलगी पुण्यात खोली करून राहत असेल, तर निदान तिच्या वडिलांना तरी ही बातमी कळली पाहिजे.

रान विकण्याआधी

ब्रिटन-अमेरिकेत एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाला फी आणि राहणे धरून तीस-चाळीस लाख सहज लागतात. हा आकडा ऐकून माणूस थेट रजिस्ट्रार ऑफिस गाठतो. थोडे थांबावे. शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते. त्यापुढे तारण लागते, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. गावठाणातले घर चालू शकते, पण त्याची मिळकत पत्रिका हवी. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजना देशभर गेली. आपल्या गावाच्या पत्रिका आल्या असतील तर त्या हातात घ्याव्यात.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा नाममात्र आहे. पण राहण्याच्या खर्चाची वर्षाची रक्कम खात्यात दाखवावी लागते, २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो होती. फी नाही म्हणजे फुकट, असा अर्थ कोणी काढू नये.

एजंटांपासून सावध राहावे. फुलब्राइट, चेव्हनिंग किंवा डाडच्या अर्जाला फी नसते. 'पैसे भरा, शिष्यवृत्ती पक्की' असे कोणी म्हणाला, तर तिथेच उठावे. करारनाम्यावर सही करताना घरच्यांनी तो वाचून घ्यावा. किती दिवसांत परत यायचे, शिक्षण अर्धवट सुटले तर काय, जामीनदारावर काय जबाबदारी येते, हे आधी कळले पाहिजे. सरकारी हप्ता हातात पडायला वेळ लागू शकतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांचा खर्च जवळ असावा. साडेअकरा पौंड संपले, तेव्हा बाबासाहेबांनाही परतावे लागले होते.

हंगामाचे वेळापत्रक

आडसालीच्या लागणीला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, पुढच्या वर्षासाठीचे देश, विषय आणि विद्यापीठे ठरवावीत. चेव्हनिंगचा अर्ज याच सुमारास उघडतो. इंग्रजीची परीक्षा दिवाळीच्या आत द्यावी, तिचा निकाल दोन वर्षे चालतो. प्राध्यापकांची शिफारसपत्रे, विद्यापीठाचे गुणपत्रक आणि पासपोर्ट याच काळात हाताशी असावेत. कारखान्यांची धुराडी पेटतात, त्या सुमारास प्रवेशाचे अर्ज जावेत. एप्रिलमध्ये उत्पन्नाचा नवा दाखला. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला सरकारी जाहिरातींवर रोज नजर ठेवावी, कारण त्यांना मुदत थोडी असते.

पहिल्या वर्षी जमले नाही तर खोडवा ठेवतोच ना आपण? तसाच पुन्हा अर्ज करावा. कागद तयार असतात, चूक कुठे झाली ते कळलेले असते, खर्चही कमी येतो. यंदाच्या लागणीची वेळ टळू देऊ नये, एवढेच.