सुई न टोचता हाडातली मज्जा कशी पाहतात?

रक्तपेशी तयार होतात हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे बेसा-नागपूरकडच्या मुलांना हा विषय नीट माहीत हवा.

मज्जेचे दोन रंग
लाल मज्जा रक्तपेशी बनवते. पिवळीत मुख्यतः चरबी असते. जन्मतः जवळजवळ सगळी मज्जा लाल असते. मग हातापायांच्या टोकांकडून ती पिवळी होत जाते. लाल मज्जेत चरबी साधारण ४०%, पिवळीत ८०%.

एमआरआय काय करतो?
पाणी आणि चरबी, दोन्हींत हायड्रोजन असतो. १.५ टेस्लाच्या चुंबकात पाण्यातले प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा घुमतात. चरबीतले त्याहून सुमारे २२० वेळा कमी. म्हणून दोघांचे संकेत कधी जुळतात, कधी एकमेकांविरुद्ध जातात. जुळताना एक चित्र घ्यायचं (पाणी + चरबी), विरुद्ध असताना दुसरं (पाणी – चरबी). ही डिक्सन पद्धत.

समजा पहिल्यात संकेत १०० आला, दुसऱ्यात २०. बेरजेचा निम्मा ६०, हे पाणी. वजाबाकीचा निम्मा ४०, ही चरबी. म्हणजे मज्जा लाल! ना सुई, ना क्ष-किरण.

सिकलसेलमध्ये काय दिसतं?
निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलची १० ते २० दिवसच. तूट भरून काढायला मज्जा जास्त राबते आणि पिवळ्या जागीही लाल मज्जा दिसते. शिवाय विळ्यासारख्या पेशी रक्तवाहिनी अडवतात, तेव्हा खुब्यातल्या हाडाचा भाग मरू शकतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो, पण एमआरआयमध्ये बदल दिसतो. म्हणून सिकलसेलच्या मुलाचा खुबा दुखत राहिला, तर ‘एक्स-रे चांगला आहे ना’ म्हणून गप्प बसू नका; डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

मर्यादा
पेशी नेमक्या कोणत्या, हे एमआरआय सांगत नाही. रक्ताच्या कर्करोगाची शंका असेल तर बहुतेक वेळा मज्जेचा नमुना काढावा लागतो. सिकलसेलचं निदानही रक्ततपासणीनेच होतं.

स्वाध्याय
एका मणक्यात पाणी चरबीपेक्षा जास्त आहे. संकेत १२० आणि ६० आले. चरबी किती टक्के? सिकलसेलच्या रुग्णात हा आकडा कमी का येईल? वहीत कारणासह लिहा.