पोटासाठी उसने जिवाणू

मी वाराणसीहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील, पण ज्यांचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं आहे ते शेवटपर्यंत ऐकतील. विषय आहे आयबीएस आणि विष्ठा-प्रत्यारोपण.

काशीयात्रेला आलेल्या मराठी मंडळींचं पोट बिघडणं काही नवीन नाही. बहुतेक जण चार दिवसांत बरे होतात. पण जुलाबाच्या तीव्र संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो. घरी परतल्यावरही पोटात कळ येते, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. मग घरचे म्हणतात, 'तुझ्या मनाचे खेळ आहेत.' तसं नसतं. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात आणि तिथल्या जिवाणूंची घडीही अनेकदा विस्कटलेली असते.

ही घडी दुसऱ्याकडून उसनी आणता येईल का? निरोगी दात्याची विष्ठा तपासतात, सलाइनमध्ये कालवून गाळतात आणि दुर्बिणीच्या नळीतून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जुलाबावर 2013 साली नेदरलँड्समध्ये याची चाचणी झाली. 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या प्रतिजैविकाने बरे झाले ते 13 पैकी 4.

पण तो आजार वेगळा आणि आयबीएस वेगळा. नॉर्वेत 2020 साली 165 आयबीएस रुग्णांवर चाचणी झाली. 30 ग्रॅम घेतलेल्यांपैकी 77 टक्क्यांना आणि 60 ग्रॅम घेतलेल्यांपैकी 89 टक्क्यांना आराम पडला. ज्यांना स्वतःचीच विष्ठा परत दिली, त्यांच्यात हे प्रमाण 24 टक्के होतं. आकडे भारावून टाकणारे आहेत. पण त्याआधी, 2018 साली, डेन्मार्कमध्ये कॅप्सूलमधून हाच प्रयोग केला, तर खोट्या कॅप्सूल घेतलेल्यांनाच जास्त आराम वाटला!

असं का? नॉर्वेत काटेकोर निवडलेला एकच दाता होता आणि द्रावण थेट लहान आतड्यात सोडलं होतं. म्हणजे दाता कोण, मात्रा किती, वाट कोणती, यावर बरंच अवलंबून असावं. म्हणूनच अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली सांगितलं, की आयबीएससाठी हा उपाय चाचणीबाहेर करू नये.

घरी तर चुकूनही नको. 2019 साली अमेरिकेत एका रुग्णाचा यातून मृत्यू झाला. त्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी होती आणि दात्याच्या विष्ठेत औषधांना न जुमानणारा ई. कोलाय होता. त्यासाठी तिची तपासणीच झाली नव्हती.

कुणी हा उपचार सुचवला, तर तीन प्रश्न विचारा. ही नोंदणीकृत चाचणी आहे का? नैतिकता समितीची परवानगी आहे का? दात्याच्या कोणकोणत्या तपासण्या झाल्या?

तोवर साधे उपाय आहेत: इसबगोल, दूध बंद करून पाहणं, काय खाल्ल्यावर त्रास होतो याची वही. पण शौचातून रक्त, घटणारं वजन, पांडुरोग किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर 'आयबीएसच असेल' म्हणून बसू नका. डॉक्टर गाठा.

भेटू पुढच्या भागात.